येतंय की नुसतं वाटतंय?

मित्रमैत्रिणींनो, आजचा लेख वाचायच्या आधी एक काम करायचं आहे. एक पाठकोरा कागद घ्या, पेन्सिल घ्या आणि सायकलचं चित्र काढा. चित्रकलेत तुम्हाला किती मार्क पडतात याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. चाकं अंड्यासारखी झाली तरी हरकत नाही. अट एकच, चित्रातली सायकल खरोखर चालली पाहिजे. दोन चाकं, त्यांना जोडणारे दांडे, पायडल, चेन, सीट, हँडल सगळं दाखवा. आणि हो, दारात लावलेल्या सायकलकडे डोकावून बघायचं नाही!

झाली काढून? चला, आता तपासू या.

तुमच्या चित्रातली चेन कुठून कुठे गेली आहे? पायडलच्या दातेरी चक्रावरून मागच्या चाकाकडे गेली असेल तर शाबास. पण ती दोन्ही चाकांभोवती फिरवली असेल, तर पुढचं चाक वळणार कसं? हँडल फिरवलं की चेन निघालीच म्हणून समजा. दोन्ही चाकांच्या मधोमध एक आडवा दांडा ठोकून दिला आहे का? मग तर ही सायकल फक्त नाकासमोर सरळ जाईल. वळण आलं की उतरायचं, उचलायची आणि फिरवायची! पायडल पुढच्या चाकालाच लावलं असेल, तर तुम्ही धाकट्या भावाची तीनचाकी काढली आहे.

चूक झाली असेल तर हिरमुसू नका. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात रेबेका लॉसन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी मोठ्या माणसांना सायकलचं अर्धवट चित्र पुरं करायला दिलं आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यभर सायकली पाहिलेल्या अनेकांनी चेन, दांडे, पायडल यांत नेमक्या याच चुका केल्या होत्या. सायकल चालवणारे त्या मानाने कमी चुकले, पण चुकले त्यांच्यातलेही काही जण.

आता खरं सांगा. चित्र काढायच्या आधी मी तुम्हाला विचारलं असतं, "काय रे, सायकल कशी असते माहीत आहे का?" तर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं! म्हणजे "मला माहीत आहे" असं तुम्हाला अगदी मनापासून वाटत होतं. पेन्सिल कागदावर टेकली तेव्हा कळलं की कुठेतरी पाणी मुरतंय.

सायकलचं हे पुराण लावण्याचं कारण म्हणजे टेबलावर पडलेलं एक पत्र. नववीतल्या एका मैत्रिणीचं आहे. नाव छापू नका असं तिने बजावलं आहे, म्हणून छापत नाही. ती लिहिते, "काका, मी प्रत्येक धडा चार-पाच वेळा वाचते. वाचताना सगळं समजतं. खालच्या ओळींना रंगीत पेनाने अधोरेखितही करते. पण चाचणीचा पेपर हातात आला की डोकं रिकामं होतं. विज्ञानात वीसपैकी सहा मिळाले. बाबा म्हणतात, तुझं लक्ष नसतं. माझं लक्ष असतं हो! मग मी ढच असणार. घरात बोलणं चाललंय की दहावी झाली की बस, उगाच फीचे पैसे कशाला घालवायचे. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

हे पत्र वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. कारण या मुलीने अभ्यास केलेला नाही असं नाही. कष्ट तर तिने पुष्कळ केले आहेत. आणि तरी तिने स्वतःवर शिक्का मारून टाकला. असा शिक्का एकदा बसला की पुसायला फार जड जातो. तेव्हा आज आपण सगळे मिळून तिच्या प्रश्नाचा छडा लावू या. कदाचित तो तुमचाही प्रश्न असेल.

आपल्या भाषेत एक फार छान शब्द आहे, तोंडओळख. तुमच्या गल्लीत एक गृहस्थ रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन जाताना दिसतात. ते समोर आले की तुम्ही लगेच ओळखता. पण त्यांचं नाव काय, ते काय काम करतात, कुठल्या मजल्यावर राहतात, यातलं काही विचारलं तर? ततपप! चेहरा ओळखीचा आहे, एवढंच.

धड्याचंही असंच होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा अडखळलात. दुसऱ्यांदा वाक्यं ओळखीची वाटली. पाचव्यांदा तर नजर कशी लोण्यावरून सुरी फिरावी तशी फिरली. मन म्हणतं, "अरे, हे तर येतंय मला!" पण खरं म्हणजे धडा समोर आल्यावर तुम्ही त्याला ओळखलंत. परीक्षेत धडा समोर येतच नाही. तिथे फक्त प्रश्न येतो आणि धडा तुम्हाला आतून बाहेर काढायचा असतो. ओळखणं वेगळं आणि आठवून बाहेर काढणं वेगळं. आमच्या मैत्रिणीने पहिल्या कामाचा सराव केला आणि तिची परीक्षा झाली दुसऱ्या कामाची!

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि सगळ्यांना विज्ञानातला एक छोटा उतारा दिला. चार छोटे तास समजा. पहिल्या गटाने चारही तासांत उतारा वाचत राहायचं. दुसऱ्याने तीन तास वाचायचं आणि चौथ्या तासाला उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं. तिसऱ्याने फक्त पहिला तास वाचायचं आणि उरलेले तिन्ही तास आठवून लिहायचं. पहिल्या गटाचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला. तिसऱ्या गटाचा जेमतेम साडेतीन वेळा.

सांगा बघू, कोण जिंकलं?

थांबा, घाई करू नका. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गटच पुढे होता. त्यांना उताऱ्यातलं ८३ टक्के आठवलं, तिसऱ्या गटाला ७१ टक्के. पण तीच परीक्षा एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा सगळं पारडंच फिरलं. १४ वेळा वाचणाऱ्यांच्या हाती ४० टक्के उरलं होतं. मधल्या गटाकडे ५६ टक्के. आणि साडेतीन वेळा वाचून तीनदा आठवणाऱ्यांकडे ६१ टक्के!

याहून मोठी गंमत पुढेच आहे. "आठवड्यानंतर तुम्हाला किती आठवेल असं वाटतं?" असं विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. सगळ्यात जास्त खात्री कोणाला होती? पहिल्या गटाला! म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त "येतंय" असं वाटत होतं, त्यांनाच सगळ्यात कमी येत होतं. कोऱ्या कागदाशी झटापट केलेले बिचारे उलट साशंक होते. झटापटीत त्रास होतो ना! आणि त्रास झाला की आपल्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकतंय. पण तो त्रास होत होता म्हणूनच त्यांचं शिकणं पक्कं होत होतं.

आता थोडं माझ्याबद्दल. आठवीत असताना मी भूगोलात स्वतःला फार शहाणा समजत असे. सुट्टीत माझा मावसभाऊ आला होता, तेव्हा तो पाचवीत होता. त्याने विचारलं, "दादा, उन्हाळा का येतो रे?" मी ऐटीत सांगितलं, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते ना, ती सूर्याच्या जवळ आली की उन्हाळा, लांब गेली की हिवाळा." त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मग डिसेंबरात आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा ऑस्ट्रेलियात क्रिकेट कसं काय उन्हात खेळतात? त्यांची पृथ्वी वेगळी आहे का?"

माझी बोलतीच बंद! पुस्तक काढलं तेव्हा समजलं की पृथ्वी कललेली आहे, साडेतेवीस अंशांनी. जो अर्धा भाग सूर्याकडे झुकलेला असतो तिथे किरण जास्त सरळ पडतात, दिवसही मोठा असतो, म्हणून तिथे उन्हाळा. आणि सूर्याच्या सगळ्यात जवळ आपण असतो ते चक्क जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत! हे सगळं मी पाठ करून परीक्षेत लिहिलंही होतं. "साडेतेवीस अंश" हे उत्तर एका कप्प्यात पडलं होतं आणि "जवळ आली की गरम" ही माझी जुनी समजूत दुसऱ्या कप्प्यात. दोघांची कधी गाठच पडली नव्हती. पाचवीतल्या पोराने ती घालून दिली.

मी एकटाच असा होतो असं नाही बरं का. १९८७ साली अमेरिकेत एक माहितीपट निघाला. हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठाच्या पदवीदानाच्या दिवशी २३ जणांना विचारलं होतं, ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात ते समजावून सांगा. त्यात झगे घालून पदवी घ्यायला आलेले विद्यार्थी होते, प्राध्यापकही होते. २३ पैकी २१ जणांच्या उत्तरात घोटाळा निघाला. त्यांना कोणी ढ म्हणेल का?

आता तुम्हाला अडीच हजार वर्षं मागे नेतो. ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात सॉक्रेटिस नावाचा तत्त्वज्ञ होता. त्याचा शिष्य प्लेटो याने 'मेनो' नावाचा एक संवाद लिहिला आहे. त्यात मेनो नावाचा श्रीमंत पाहुणा सॉक्रेटिसला पेचात टाकतो, "जी गोष्ट तुला मुळीच ठाऊक नाही, ती तू शोधणार तरी कशी? आणि शोधता शोधता समोर आली, तरी हीच ती, हे तुला कळणार कसं?" आहे की नाही डोक्याला खुराक?

सॉक्रेटिस लांबलचक भाषण देत बसत नाही. तो मेनोच्या एका गुलाम मुलाला बोलावतो. या मुलाला भूमिती कोणी कधी शिकवलेली नाही. सॉक्रेटिस जमिनीवर एक चौरस काढतो. बाजू दोन फूट, म्हणजे क्षेत्रफळ चार. मग विचारतो, "याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा. बाजू किती घ्यावी?"

मुलगा ठासून सांगतो, "सोपं आहे. बाजूही दुप्पट, चार फूट." करून बघतात तर क्षेत्रफळ येतं सोळा! हवं होतं आठ. मुलगा म्हणतो, "मग तीन फूट." तीन त्रिक नऊ. तेही नाही. शेवटी मुलगा हात टेकतो, "देवाशपथ, मला नाही माहीत."

इथे सॉक्रेटिस मेनोकडे वळतो आणि जे विचारतो ते मला फार आवडतं. मी माझ्या शब्दांत सांगतो. बघ, मघाशी हा मुलगा चुकीचं उत्तर छातीठोकपणे सांगत होता. आता तो गोंधळलाय. यात त्याचं नुकसान झालं का? मघाशी शोधायची गरजच त्याला वाटत नव्हती. आता आपल्याला माहीत नाही हे कळल्यामुळे तो आनंदाने शोधायला लागेल. तो आधीपेक्षा पुढेच आला आहे!

आणि खरंच, पुढच्या काही प्रश्नांत त्या मुलाला उत्तर सापडतं. ते काय, हे मात्र मी आत्ता सांगणार नाही. सायकलच्या चित्रामागे जागा असेल, तिथे तुम्हीच करून बघा. एक सूचना देतो. बाजू किती फूट हे आकड्यात शोधू नका. चौरसाचा एक कोपरा समोरच्या कोपऱ्याला जोडा आणि त्या रेषेकडे टक लावून बघा. मुलाने अथेन्समध्ये वेळ घेतला, तुम्हीही घ्या.

सॉक्रेटिसने यावरून काढलेला निष्कर्ष असा की आत्म्याला सगळं आधीपासूनच ठाऊक असतं, आपण फक्त आठवतो. हे सगळ्यांना पटत नाही. त्याच्या प्रश्नांतच उत्तर दडलेलं होतं, असंही कित्येक जण म्हणतात. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा. पण 'अडलो' ही शिकण्यातली एक पायरी आहे, हे मात्र त्या गुलाम मुलाने जगाला दाखवून दिलं.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगतात तेव्हा तीन पायऱ्या येतात, श्रवण, मनन आणि निदिध्यासन. आधी ऐकायचं, मग त्यावर स्वतः विचार करायचा, मग त्याचाच ध्यास घ्यायचा. त्यांचा विषय फार थोर होता, आपला आहे विज्ञानाचा तिसरा धडा. पण मला वाटतं, आपण बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर पाच वेळा उड्या मारतो आणि जिना चढल्यासारखे दमतो!

तेव्हा माझ्या मैत्रिणीला, आणि तुम्हा सगळ्यांनाच, चार गोष्टी सांगतो.

एक. धडा एकदा नीट, समजून वाचा. मग पुस्तक मिटा. मिटा म्हणजे मिटा, बोट घालून ठेवायचं नाही! कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृत्या काढा. मग पुस्तक उघडून काय सुटलं, काय चुकलं ते बघा आणि तेवढंच पुन्हा वाचा. पहिल्या दिवशी कागद अर्धा रिकामा राहील. राहू दे. तो रिकामा भाग म्हणजे उद्या काय करायचं याची यादी आहे.

दोन. एका बैठकीत रट्टा मारण्यापेक्षा दिवस वाटून घ्या. जर्मनीतल्या हेरमान एबिंगहाउस या माणसाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि किती विसरलो ते मोजायचा. १८८५ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. एका दिवसात ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटल्यावर झाला, असं त्याला आढळलं. म्हणजे तीस वेळा घोकायची मेहनत वाचली की! तेवढ्या वेळात लगोरी खेळता येते.

तीन. कोणाला तरी शिकवा. धाकटी बहीण, आजी, शेजारचा बंड्या, कोणीही चालेल. अट एवढीच की समोरच्याने "का?" असं विचारायचं. जिथे तुम्ही "ते तसंच असतं" असं म्हणाल, तिथे थांबा. तिथेच तुमची तोंडओळख संपली.

चार. पाठांतराला नावं ठेवू नका. पाढे पाठ असले की गणितात डोकं मोकळं राहतं. फक्त पाठ झालेल्या गोष्टीला अधूनमधून सायकलसारखं कागदावर उभं करून बघा, चालते का ते.

आणि बाबांना एक निरोप. बाबा, लेकीचं लक्ष आहे. तिला अभ्यासाची पद्धत कोणी सांगितली नव्हती, एवढंच. आपण मोठी माणसं "अभ्यास कर, अभ्यास कर" असं दिवसातून दहा वेळा सांगतो, पण अभ्यास कसा करायचा हे बसून दाखवत नाही. रात्री दहा मिनिटं तिच्यासमोर बसा आणि तिला म्हणा, "आज काय शिकलीस ते मला समजाव." तुम्हाला विज्ञान येत नसलं तर उत्तमच! तुमचे प्रश्न जास्त चांगले असतील.

मैत्रिणी, एका पद्धतीने वीसपैकी वीस मिळतील असं खोटं आश्वासन मी देणार नाही. काही धडे खरंच अवघड असतात, तिथे बाईंना विचारावं लागतं, पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. पण तू ढ आहेस की नाही हे ठरवण्याइतकी माहिती वीसपैकी सहा या आकड्यात नाही. त्यावरून एवढंच कळतं की सहा गोष्टी आतून बाहेर आल्या आणि चौदा अजून तोंडओळखीच्या आहेत. एवढ्यावरून दहावीनंतरचे निर्णय घेऊ नकोस आणि घरच्यांनाही घेऊ देऊ नकोस. पुढच्या चाचणीपर्यंत महिनाभर कोरा कागद वापरून बघ आणि मला कळव. मार्क कमी आले तरी कळव, जास्त आले तरी कळव. मी वाट बघतोय.

बाकीच्यांनी काय करायचं? हा अंक आता मिटा. हो, आत्ताच! आणि या लेखातलं काय काय आठवतंय ते सायकलच्या चित्राखाली लिहा. मग परत उघडून बघा. जे सुटलं असेल, ते उद्या.

आणि दुप्पट चौरसाचं उत्तर सापडलं की पोस्टकार्डावर आकृती काढून पाठवा. चुकलेली उत्तरंही पाठवा बरं का. ती कशी चुकली हे ज्याला सांगता येईल, त्याला माझ्याकडून जास्त शाबासकी!